आई पुलावर गाड्या पाहायची

दवाखान्यातून सुटी देताना आईच्या कार्डावर शेवटची ओळ होती : 'त्रास झाल्यास यावे.' त्या एका ओळीवर मी नंतर अख्खं पत्रक छापलं. दवाखान्याचं नाव त्यात घातलं नव्हतं, इथेही घालत नाही, कारण ती ओळ एका इमारतीची नव्हती. तेव्हा सगळीकडे तीच लिहीत. पत्रकातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. पण ते पत्रक लिहिणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरातलं दिसत नव्हतं, हे आधी सांगून टाकते.

आम्ही सक्करदऱ्याला राहायचो, तळ्याच्या मागच्या वस्तीत. वडील मी नववीत असताना गेले. आई बिड्या वळायची. सकाळी कामं आटोपली की मांडीवर सूप घेऊन बसायची ती ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत. मी दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी महालातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. आमचं पाच-सात पोरापोरींचं मंडळ होतं. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. शाळेत मास्तर नाही, काढ पत्रक. छापखान्याचा मालक उरलेला कागद द्यायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमच्या मंडळात माणसं कमी अन् उद्गारचिन्हं जास्त हायेत." त्या शाईचा, रॉकेलनं पुसलेल्या शिशाच्या अक्षर-खिळ्यांचा वास अजूनही कुठे आला की मी थांबते.

त्या दिवाळीनंतर आई नळावरून येताना पाय मुरगळून पडली. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं. प्लास्टरचा पाय पाटावर ठेवून ती दिवसच्या दिवस एका जागी बिड्या वळत बसली. "पाय मोडला, हात थोडीच मोडले," म्हणायची. प्लास्टर काढल्यावर चौथ्या दिवशी, चुलीसमोरून उठताना तिच्या छातीत कळ आली, श्वास मिळेना, आणि ती तिथेच आडवी झाली. रिक्षात घालून नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुफ्फुसात अडकली, असं कळलं. ज्यांनी तिला तेव्हा वाचवलं त्यांचे हात मी विसरणार नाही. अठरा दिवसांनी ती घरी आली. तीन महिन्यांच्या गोळ्या आणि ते कार्ड.

सुटीच्या दिवशी तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "दसऱ्याले पायी जाता येईन नं?"

डॉक्टरांना कळलं नाही, कुठे ते. मी सांगितलं, दीक्षाभूमीवर. छप्पन साली ती लग्न होऊन नुकतीच आलेली होती. तेव्हापासून दर दसऱ्याला वस्तीतल्या बायकांबरोबर पांढरं लुगडं नेसून ती सक्करदऱ्याहून पायी जायची. मी पोटात असताना गेली, वडील गेले त्या वर्षीही गेली. बस होती, रिक्षा होत्या, पण आमच्या बायका त्या दिवशी चाकावर बसत नसत.

"जाल की," डॉक्टर म्हणाले. "आता बऱ्या झालात."

गोळ्या संपल्या. कोणी बोलावलं नाही. आई कामाला लागली होती, पण पाण्याची घागर दोन खेपांऐवजी चार खेपांत अर्धी-अर्धी आणू लागली होती. मला वाटलं, शहाणपणा आला. मग मंडळातल्या एका मुलाचे काका असेच गुठळीतून उठले आणि वर्षाच्या आत दम लागून गेले. तेव्हा माझं डोकं भडकलं. एका रात्रीत पत्रक लिहिलं : 'त्रास झाल्यास यावे म्हणजे कोणी यावे?' आमच्या बायका त्रासाला त्रास म्हणतात कधी, असं विचारलं होतं त्यात. ज्या बाईने बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी धुणं धुतलं, ती कोणत्या दिवशी म्हणणार की आता मला त्रास झाला? तुम्ही बोलवा. तारीख द्या. तपासा.

ते घेऊन मी बाह्यरुग्ण विभागात भांडायला गेले. टेबलामागे एक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं. एवढ्या गर्दीत बसून कोणी माझं पत्रक पूर्ण वाचलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे भांडण अर्ध्यात विरलं.

"बरोबर लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आता आईला घेऊन ये."

आईला नेलं. त्यांनी छाती ऐकली, मानेच्या शिरा पाहिल्या, हृदयाचा कागदी आलेख काढला, एक्स-रे काढला. सगळं ठीकठाक होतं. मग आईला बाहेर बसवून त्या मला म्हणाल्या, "बहुतेकांची गुठळी विरघळून जाते. काही थोड्यांची जात नाही. नसेच्या भिंतीला चिकटते, जुनी दोरी होते. मग रक्ताची वाट अरुंद. हृदयाची उजवी बाजू जोर लावत राहते, लावत राहते, अन् एक दिवस थकते. दुखत नाही. सुरुवातीला आलेखात येत नाही, फोटोत येत नाही. माणसाच्या चालण्यात येतं."

"मग पाहायचं कसं?"

"तुझ्याकडे कागद खूप दिसतो. दर आठवड्याला एकाच रस्त्यानं, एकाच वेळेला तिला चालव. किती वेळ लागला अन् कुठे थांबली, लिहून आण. महिन्याच्या महिन्याला."

रस्ता कोणता, हे विचारायचं कारणच नव्हतं. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही सक्करदऱ्याहून दीक्षाभूमीला निघू लागलो. परतीला बस. वडिलांचं घड्याळ माझ्या मनगटावर, हातात उरलेली पत्रकं. पत्रकाची मागची बाजू कोरी असायची, तिथे मी लिहायचे. म्हणजे कागदाच्या एका बाजूला माझी आरोळी आणि दुसऱ्या बाजूला आई.

ते रविवार मला अजून जसेच्या तसे आठवतात. वैशाखातसुद्धा सहा वाजता रस्त्यावर गारवा असायचा. तळ्याच्या काठाने धोब्यांची गाढवं जायची. पुढे चौकात दूधवाल्यांच्या सायकली. मग अजनीचा पूल, खाली रुळांचं जाळं, कोळशाच्या इंजिनांचा धूर आणि पाणी भरताना त्यांचा सुस्कारा. पूल उतरला की एक पोहेवाला होता. आई त्याच्याकडे तर्री-पोहे घ्यायची आणि तर्री माझ्या पानात जास्त ओतायला लावायची. "हिले टाक भाऊ, हिले लिहा-वाचाचं काम हाय." आयुष्यात आईबरोबर नुसतं चालायला मला कधी मिळालं नव्हतं. तिने मला त्या रस्त्यावर तिच्या लग्नाचं सांगितलं, माझ्या आजोबांचं सांगितलं. सगळं चालता चालता, तुकड्यातुकड्यात. ते तुकड्यातुकड्यात का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आमच्याबरोबर शेजारची मावशी असायची. ती आईच्याच वयाची, जिभेची धारदार.

"तुझी पोट्टी तुले घोड्यासारखी पळवून राहिली वं," ती आईला म्हणायची. "अन् घड्याळ लावून. रेस हाय का?"

"असू दे. तिच्या डॉक्टरनीले दाखवाचं हाय."

पहिल्या रविवारी पंचावन्न मिनिटं लागली. मी लिहिलं : पंचावन्न, थांबली नाही. जूनमध्ये सत्तर झाली. पण वाटेत काय काय झालं होतं, ते मला माहीत होतं ना. आई भाजीवालीपाशी थांबली होती, वांगी उलटीपालटी करून न घेता निघाली होती. मग चपलेचा अंगठा नीट केला. मग एका ओळखीच्या बाईच्या सुनेची चौकशी केली. आणि पुलावर मधोमध कठड्याला हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं आई?"

"काही नाही. गाडी येऊन राहिली. पाहू दे."

गाडी आली, गेली. आम्ही निघालो. मी प्रामाणिकपणे लिहिलं : भाजी चार मिनिटं, चप्पल दोन, गप्पा पाच, गाडी पाहिली चार. ती पंधरा मिनिटं सत्तरातून वजा केली. उरली पंचावन्न. चालण्याचा निव्वळ वेळ, पंचावन्न.

मला त्या आकड्याचा केवढा अभिमान होता. पत्रकं लिहिणाऱ्याला शिकवलेलं असतं : आकडा स्वच्छ हवा, समोरच्याला बोट घालायला जागा नको. मी आकडा स्वच्छ केला. दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जायचे, कारण आई दिवस मोडायला तयार नसायची. जाऊन सांगायचे, पंचावन्न. पुढच्या महिन्यात सत्तावन्न.

"थांबते का?" बाई दर वेळी विचारायच्या.

"दमून नाही थांबत."

बाई माझ्याकडे पाहायच्या. मागे रांग असायची. "कागद आण पुढच्या वेळेला," म्हणायच्या. मी नुसता आकडा न्यायचे.

वस्तीत मी सांगत सुटले होते की पाहा, माझी आई कशी चालते. नवीन पत्रकात तिचं नाव न घालता तिचा दाखला दिला : 'पाठपुरावा केला तर माणूस असा उभा राहतो.' आईने ते पत्रक मला मोठ्याने वाचायला लावलं. ऐकताना सुपातली पानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "चांगलं लिहिलं."

पावसाळाभर तिच्या थांब्यांना काही कमतरता नव्हती. छत्री उघडायची, छत्री मिटायची. कोणाच्या दारातली रांगोळी बघायची. कुंपणावरची फुलं. दुकानाच्या पाट्या मला वाचायला लावायची, आणि मी खुळ्यासारखी वाचायचे. पुलावर तर नेम झाला होता. कधी एक गाडी, कधी दोन. एका कागदावर मी लिहिलंय, अक्षर माझंच आहे : 'आईला अलीकडे रेल्वेची आवड लागली आहे.'

भाद्रपदातला एक रविवार. मावशी आली नव्हती. पुलाच्या चढाला आई लागली आणि नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे थांबली. कठड्याला दोन्ही हात. मी घड्याळ पाहिलं.

"गाडी?" मी विचारलं.

तिने मान डोलावली.

मी खाली पाहिलं. रूळ रिकामे होते. सिग्नल आडवा, म्हणजे बंद होता. लांबवर धूर नाही, शिट्टी नाही. दोन कामगार रुळांवर बसून बिडी ओढत होते. आम्ही उभ्या राहिलो. पाच मिनिटं झाली. आठ झाली.

"आई, गाडी नाही येत."

"येईन," ती म्हणाली. तेवढाच शब्द. त्याच्या पुढे-मागे श्वास. तिचे ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसत होते आणि मानेवरची शीर उडत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाच महिने मी घड्याळाकडे पाहत होते, रस्त्याकडे, पाट्यांकडे, खालच्या गाड्यांकडे. तोंडाकडे पाहत नव्हते.

मी तिला तिथेच पुलाच्या फुटपाथवर बसवलं. ती बसायला तयार नव्हती. "लोक पाहतीन."

"पाहू दे. दम लागला ना तुला? कधीपासून?"

तिने पदराने कपाळाचा घाम पुसला. मग खाली रुळांकडे पाहत म्हणाली, "तू त्या डॉक्टरनीशी भांडून आली. साऱ्या वस्तीले सांगतलं का माझी माय चालते. कागदावर छापलं. मंग मी कशी थांबू वं? बाईमाणूस रस्त्यात असं उगंच थांबत नाई. काही निमित्त लागते."

"मग मला तरी सांगायचं."

"तुले सांगतलं असतं त तू दसऱ्याले जाऊ दिलं असतं का?"



आम्ही तिथूनच रिक्षाने परतलो. घरी आल्यावर मी सगळे कागद चटईवर पसरले आणि पहिल्यांदा ते वजाबाकी न करता वाचले. पंचावन्न, साठ, सत्तर, अठ्ठ्याहत्तर, नव्वद. सगळं तिथेच होतं, माझ्या हातचं. मावशी दारात येऊन उभी राहिली. तिने कागद पाहिले, आईकडे पाहिलं.

"तुले मालूम होतं," मी तिला म्हटलं. चिडले की माझी भाषाही घरची होते.

"मले काय, पोहेवाल्याले बी मालूम होतं," मावशी म्हणाली. "तुले वाटे तुझी माय वांगे पाहून राहिली. वांग्यात काय पाहाचं असते वं इतलं?"

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी आकडा नाही, कागदांचा गठ्ठाच ठेवला. त्यांनी एकेक उलटला. रांग थांबली होती, पण त्यांनी घाई केली नाही.

"ही बाई रेल्वे कधीपासून पाहायला लागली?" त्यांनी आईला विचारलं नाही, मला विचारलं.

"जूनपासून."

"जूनपासून," त्यांनी परत म्हटलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, असू दे, तुला काय कळणार. त्या तसं म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "मी कागद मागत होते. मीही हट्ट धरायला पाहिजे होता." मग आईला तपासलं. हृदयाचा दुसरा ठोका आता जोरात वाजत होता. पावलांवर बोट दाबलं की खड्डा राहत होता. आलेखात उजव्या बाजूचा ताण आला होता. एक्स-रेत फुफ्फुसाच्या मुळाशी नसा जाडजूड.

पुढची तपासणी तेव्हा मुंबईलाच. शिरेतून किरणांचं औषध देऊन फुफ्फुसाचा फोटो काढतात. रक्त जिथे पोचतं तिथे उजळतं, जिथे पोचत नाही तिथे काळं. सकाळच्या गाडीने निघालो. आईला खिडकीची जागा मिळाली होती. वर्धा गेलं, बडनेरा गेलं, समोरून मालगाड्या धडधडत गेल्या. तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. मी पाहत होते तिच्याकडे. तिच्या ते लक्षात आलं आणि आम्ही दोघी हसलो, मग तिला हसणं झेपेना म्हणून मी थांबले.

फोटोत काळे डाग होते, दोन्हीकडे. हृदयात नळी घालून दाब मोजला, तोही वाढलेला. जुन्या गुठळ्या न विरघळता चिकटून बसल्या होत्या. त्या काढायचं ऑपरेशन परदेशात एखाद्या-दुसऱ्या ठिकाणी होतं, असं कळलं. आपल्यासाठी ते चंद्रावर होतं म्हटलं तरी चाललं असतं. आपल्याकडे एवढंच : नवीन गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आता कायमच्या, दर महिन्याला रक्ताची तपासणी, सूज उतरवायची गोळी, मीठ कमी, घागर नाही, चढ नाही. या गोळ्या जूनमध्येच परत सुरू झाल्या असत्या, तर मधल्या काळात भर पडली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कदाचित, असंही म्हणाल्या. त्या 'कदाचित'मध्ये मी अजून राहते.

मी तिसरं पत्रक काढलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशेजारी बसून पोस्टकार्डं लिहिली. गुठळीतून उठलेल्या प्रत्येकाला, सुटीनंतर तिसऱ्या महिन्यात : 'त्रास असो वा नसो, अमुक वारी यावे.' येणाऱ्याला 'दम लागतो का' हे विचारायचं त्यांनी बंद केलं. आता विचारायच्या, "वाटेत कशाकशासाठी थांबता?" एक गृहस्थ मंदिर दिसलं की हात जोडून उभे राहायचे. एक बाई वासरं पाहायची. त्यांचेही आलेख, फोटो झाले. तपासणीच्या दिवशी आई बाकावर असायची आणि शेजारच्या बाईला हळूच सांगायची, "खरं सांग वं. मी बी लय गाड्या पायल्या."

दसरा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिक्षाने जा. आई ऐकून घेत होती, म्हणजे ऐकत नव्हती. शेवटी तिनेच तोड काढली. चढावर सायकलरिक्षावाल्यालाही उतरून ओढावंच लागतं, तेवढा पूल ती पायी जाईल. बाकीचा रस्ता चाकावर. तेवीस-चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती दसऱ्याला चाकावर बसली, पांढरं लुगडं नेसून, तोंड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला करून.

पुलाच्या पायथ्याशी ती उतरली. त्या दिवशी पुलावर माणसंच माणसं होती, गावोगावची, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. आई दहा-बारा पावलं चालली आणि थांबली. रस्त्याच्या मधे, कमरेवर हात ठेवून. कठडा धरला नाही. मागून येणाऱ्या खेड्यातल्या एका बाईने विचारलं, "काहून थांबल्या जी?"

"दम लागला," आई म्हणाली. चांगलं मोठ्याने.

ती बाई म्हणाली, "मंग थांबा, काय घाई हाय," आणि आपलं गाठोडं खाली ठेवून स्वतःही उभी राहिली.

असा तो पूल आम्ही सहा थांब्यांत चढलो. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मी पाहिलं नाही. मधोमध आलो तेव्हा खालून एक गाडी निघाली, शिट्टी देत, धुराने सगळा पूल भरून टाकत. लोक कठड्याकडे धावले. आईने मान वळवली नाही. ती श्वास मोजत होती. धूर विरला, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिही नं."

मी त्या दिवशी कागद आणला नव्हता.